पीयूसीला जाण्याआधी: गाडीची तयारी, पायरीपायरीने

"पीयूसी काढून दहा मिनिटांत येतो," असं घरी सांगून मी एका रविवारी सकाळी निघालो आणि हातात नापास झाल्याची पावती घेऊन परत आलो. गाडी २०१२ची, पुण्यात नोंदलेली, पेट्रोलवरची. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं. धूर डोळ्यांना दिसत नव्हता. ॲव्हरेज थोडं उतरलं होतं, पण त्याचा दोष मी ट्रॅफिकला दिला होता. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत हवा, तो आला १.१.

केंद्रावरच्या मुलाने आवाज खाली आणून विचारलं, "नळी जरा बाहेर धरू का साहेब? होऊन जाईल." मी नको म्हटलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायलेन्सरच्या उंचीवर लहान मुलांची तोंडं असतात, हे मी रोज पाहतो. आणि आकडा चढला तो का चढला, हेही मला जाणून घ्यायचं होतं. पुढचे बारा दिवस त्या गाडीच्या मागे लागलो. नंतर नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच गाड्या केंद्रावर घेऊन गेलो. त्या सगळ्यातून हाती आलेलं इथे लिहितो आहे. तुमची मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी हे वाचलंत तर सर्वांत उपयोगी पडेल, कारण काही दुरुस्त्यांना चार-पाच दिवस लागतात.

आधी आरसी बाहेर काढा

गाडी कोणत्या मानकाची आहे हे ठाऊक नसेल तर पुढचं सगळं अंधारात चालतं. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर 'भारत स्टेज' (बीएस) या प्रदूषण मानकाचा आकडा मिळतो. नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नका. बीएस-४ मानक एप्रिल २०१०मध्ये देशातल्या तेरा शहरांत आधी आलं. त्यांत आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. उरलेल्या देशात ते १ एप्रिल २०१७ला सक्तीचं झालं. त्यामुळे २०१२मध्ये पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-४ आणि त्याच वर्षी साताऱ्यात नोंदलेली तीच गाडी बीएस-३ असू शकते. १ एप्रिल २०२०पासून सगळीकडे बीएस-६ आहे.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. पहिला मुदतीवर. नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र बारा महिने चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. विजेवरच्या गाड्यांना ते लागतच नाही.

दुसरा परिणाम आकड्यांवर. पेट्रोलच्या चारचाकीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५व्या नियमानुसार या मर्यादा आहेत:

– बीएस-२च्या आधीची गाडी: सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग)
– बीएस-२ आणि बीएस-३: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम
– बीएस-४ आणि बीएस-६: सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम. शिवाय इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन. एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, जवळजवळ न जळताच बाहेर पडलेलं इंधन. लॅम्डा हे हवा आणि इंधन यांचं प्रमाण. १ म्हणजे जितकी हवा हवी तितकीच मिळते आहे, १च्या खाली म्हणजे इंधन जास्त, वर म्हणजे हवा जास्त. एवढ्या तीन शब्दांवर पेट्रोल गाडीची सगळी परीक्षा उभी आहे.

डिझेलला वायू मोजत नाहीत, धुराचा काळेपणा मोजतात. त्याची मर्यादा जुन्या गाड्यांना २.४५, बीएस-४ला १.६२ आणि बीएस-६ला ०.७ आहे. यंत्र दुसऱ्या मापात दाखवत असेल तर हेच आकडे ६५, ५० आणि २६ असे दिसतात.

पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. विम्याच्या नूतनीकरणाला पीयूसी दाखवण्याची २०१७ची अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये काढली. त्यामुळे विम्याच्या वेळी आपोआप होणारी आठवण आता होईलच असं नाही. तारीख स्वतःच लिहून ठेवा.

पंधरा दिवस आधी: दिवा, सेन्सर आणि स्वस्त स्कॅनर

किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे मुद्दाम पाहा. दिवा मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून टाकला असण्याची शक्यता असते.

पीयूसी केंद्रावर हा दिवा कोणी तपासत नाही, पण तो लागलेला असताना परीक्षेला जाण्यात अर्थ नाही. २०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट, म्हणजे गाडीतले दोष वाचायची जोडणी, मिळतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा स्कॅनर काही शेकड्यांत मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपशी जोडता येतो. माझ्या मते गाडीवाल्याने घेतलेलं हे सर्वांत उपयोगाचं हत्यार आहे. मिळणाऱ्या कोडपैकी हे ओळखीचे ठेवा: पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी ०१७२ म्हणजे इंधन जास्त, पी ०३०० ते पी ०३०४ म्हणजे गाडी मिस मारते आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही), पी ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही, पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर विषारी वायू जाळणारी जाळी) काम करत नाही.

कोड आला म्हणून तो भाग लगेच बदलू नका. पी ०४२० पाहून हजारो रुपयांचा कन्व्हर्टर बदलायला सांगणारे भेटतात, आणि नंतर कळतं की सायलेन्सरच्या सांध्यातून हवा आत ओढली जात होती. कोड फक्त कुठे शोधायचं ते सांगतो.

पावसाळ्यानंतर परीक्षा असेल तर बॉनेट उघडून वायरी आणि रबरी पाइप नीट पाहा. पाऊस सुरू झाला की उंदीर आडोशाला इंजिनावर येऊन बसतात आणि ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची) वायर किंवा व्हॅक्यूमचा बारीक पाइप कुरतडतात. शेजारच्या काकांच्या गाडीचा एचसी ६४०वर गेला होता. दोन गॅरेजांनी प्लग आणि कॉइल सांगितले. कारण होतं बोटाएवढ्या पाइपला पडलेलं भोक. तो पाइप शंभर रुपयांत बदलला.

हवा, ठिणगी, तेल

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. आपल्याकडे बांधकामांची आणि खणलेल्या रस्त्यांची धूळ इतकी असते की पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरांच्या बऱ्याच आधी फिल्टर भरतो. कॉम्प्रेसरने फुंकून परत लावायची सवय मला पसंत नाही, कारण जोरात मारलेल्या हवेने कागद फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. कार्बोरेटरच्या गाडीत भरलेल्या फिल्टरने सीओ लगेच चढतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बरंचसं सांभाळून घेतो, पण नवा फिल्टर इतका स्वस्त आहे की त्यावर विचार करत बसू नये.

प्लग काढून त्यांचा रंग पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी भुकटी असेल तर इंधन जास्त जातं आहे. काळा आणि तेलकट असेल तर तेल जळतं आहे. चारांपैकी एकच वेगळा दिसत असेल तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर पाहा. प्लगच्या टोकांमधलं अंतर झिजून वाढलं की ठिणगी अधूनमधून चुकते. एकेक चुकलेली ठिणगी म्हणजे एका सिलिंडरभर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये, आणि तेवढाच एचसी वर. हेच पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची जाळी वितळवतं. म्हणून मिस मारणारी गाडी एक दिवसही रेटू नये.

इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर कार्बन बसला असेल तर आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं) वरखाली होतं. ती साफ करून घ्या. काही गाड्यांत साफ केल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, ते केल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका.

इंजिन ऑइलचा संबंध फार थोड्यांच्या लक्षात येतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं तेल कधी पुरतं तापत नाही आणि सिलिंडरमधून झिरपलेलं पेट्रोल त्यात साचत राहतं. परीक्षेला इंजिन गरम झालं की त्याची वाफ ब्रीदर पाइपमधून पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि सीओ, एचसी दोन्ही चढतात. डिपस्टिक हुंगून पाहा. पेट्रोलचा वास येत असेल तर परीक्षेआधी तेल आणि फिल्टर बदला. पातळी वरच्या खुणेच्या वर नको. जास्तीचं तेलही जळायलाच जातं.

टाकीत काय आहे

परीक्षेच्या आठवड्यात गर्दी असलेल्या पंपावर ताजं पेट्रोल भरा. शंका असेल तर फिल्टर पेपरची चाचणी मागा आणि घनतेची नोंद दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. कागदावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोलमध्ये दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून गावी गेल्यावर तीन-चार महिने उभी राहिलेली गाडी थेट परीक्षेला नेऊ नका. जुनं पेट्रोल संपवा, नवं भरा, शे-दीडशे किलोमीटर चालवा आणि मगच जा. पंधरा वर्षांच्या आसपासच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप फुगले किंवा भेगाळले आहेत का तेही पाहा. हे परीक्षेसाठी कमी आणि आगीच्या भीतीने जास्त सांगतो आहे.

इंजिन खरोखर तापतं का?

माझी गाडी नेमकी इथे अडली होती, म्हणून थोडं थांबून सांगतो.

कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर असतो. साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय तो कामाला लागत नाही. थंड इंजिनाची अगदी नवी गाडीही नापास होऊ शकते. म्हणून सगळे सांगतात, गाडी गरम करून न्या. मी गरमच नेली होती, सहा किलोमीटर चालवून.

घरी स्कॅनर लावला. हायवेवर पाऊण तास चालवूनही कूलंटचं तापमान ६४ अंश. ते ८५ ते ९५मध्ये असायला हवं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, पाणी सतत रेडिएटरमधून फिरत होतं आणि इंजिन कोमटच राहत होतं. कोमट इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, थंड समजतो आणि पेट्रोल जास्त सोडतो. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध येत नाही हे मी कित्येक महिने पाहत होतो, आणि "बरं आहे, गाडी तापत नाही" असं मनात म्हणत होतो. तीच खूण होती. हिवाळ्यात हीटरमधून कोमट हवा येणं ही दुसरी.

थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलून सीओ ०.५५पर्यंत उतरला, तरी मर्यादेच्या वरच. मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीयू ठरलेल्या प्रमाणात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते हा आकडा सांगतो. उणे दहा ते अधिक दहा चालतं. माझ्याकडे अधिक १६ होता. म्हणजे ईसीयूला वाटत होतं की पेट्रोल कमी पडतं आहे, आणि सायलेन्सरच्या नळीत मात्र सीओ जास्त. दोन साक्षी एकमेकींशी जुळेनात. अशा वेळी दोनच शक्यता उरतात: पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळतो आहे, किंवा सेन्सरच चुकीचं सांगतो आहे. गळती नव्हती. इतके महिने कोमट इंजिनातलं अर्धवट जळलेलं पेट्रोल खाऊन सेन्सरवर काजळी चढली होती. तो बदलला आणि सीओ ०.०४वर आला, ट्रिम अधिक ३वर.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा, हे मी या बारा दिवसांत शिकलो. थर्मोस्टॅट, सेन्सर, प्लग, इंजेक्टर सगळं एकदम बदललं असतं तर गाडी पास झाली असती, खर्च तिप्पट झाला असता आणि खरं कारण कळलंच नसतं.

एक्झॉस्टची गळती घरी तपासता येते. थंड इंजिन सुरू करा, दुसऱ्या माणसाला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि बॉनेटकडून मागेपर्यंत फुसफुस ऐकत या. काम उघड्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये कधीच नको. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांचे सायलेन्सर खाऱ्या हवेने सांध्यापाशी गंजतात, तिथे हात घालून पाहा. गळतीतून हवा आत आली की लॅम्डा १.०३च्या वर जातो आणि बाकी आकडे चांगले असूनही गाडी नापास होते.

कार्बोरेटरची जुनी गाडी अजून जिवापाड सांभाळणारे आहेत. त्यांनी मिक्स्चरचा स्क्रू कानाने नाही, गॅस ॲनालायझर लावून जुळवून घ्यावा. चोक पूर्ण परत जातो ना, तेवढं पाहावं.

सीएनजी असेल तर

सीएनजीची गाडी आपोआप पास होते हा समज चुकीचा आहे. सीएनजीवर ठिणगीला जास्त जोर लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल पेट्रोलवर निभावते आणि गॅसवर मिस मारते. मग एचसी चढतो. प्लग ठरलेल्या किलोमीटरांच्या आधीच बदला आणि टोकांमधलं अंतर किटच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. एअर फिल्टर, किटमधला गॅस फिल्टर आणि रिड्यूसर यांचं काम ज्याला किटचं सॉफ्टवेअर येतं त्याच्याकडेच द्या.

दुसरी अडचण पेट्रोलच्या बाजूची. वर्षभर टाकीत तेच पाव टाकी पेट्रोल पडून राहतं आणि इंजेक्टरला चिकटा धरतो. आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. परीक्षेआधी गाडी दोन्ही इंधनांवर नीट चालते का ते पाहा.

किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. केंद्रावर गाडीची माहिती 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीवरून येते. तिथे नुसतं पेट्रोल आणि डिकीत सिलिंडर असेल तर तिथेच अडाल. सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी ही वेगळी गोष्ट आहे आणि पीयूसी पास झाली म्हणून ती टळत नाही.

डिझेल: घाटात काढून आणा

डिझेलच्या परीक्षेत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात. इंजिन कटऑफपर्यंत, म्हणजे त्याच्या कमाल वेगापर्यंत, पळतं, आणि हे बऱ्याच वेळा होतं. इंजिनावर हा मोठा ताण असतो. म्हणून आधी तीन गोष्टी पाहा: तेलाची पातळी, कूलंट आणि टायमिंग बेल्ट. बेल्टचे किलोमीटर भरत आले असतील तर आधी तो बदला. कटऑफला बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. केंद्रावरचा माणूस हे विचारणार नाही.

शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळीचे थर बसतात आणि पहिल्या जोरदार रेसला सगळे एकदम बाहेर पडतात. जुने फिटर सांगतात, "गाडी एकदा घाटात काढून आण." त्यांचं बरोबर आहे. परीक्षेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी तीस-चाळीस मिनिटं हायवेवर वेगमर्यादा सांभाळून, एक गिअर खाली ठेवून, २५०० ते ३००० आरपीएमवर गाडी चालवा. खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा चढ मिळाला तर फारच छान. काजळी जळते, टर्बो आणि एक्झॉस्ट पुरते तापतात, आणि काळेपणाचा आकडा लक्षणीय उतरतो.

तरीही काळा धूर राहिला तर इंजिनाला हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जातं आहे. एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे पाइप पाहा. पाइपला चीर असेल तर रेस देताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि बाहेरून तेलाचा ओघळ दिसतो. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), तो कार्बनने अडकतो. इंजेक्टर शेवटी, आणि तेही बेंचवर तपासून मगच. निळसर धूर म्हणजे तेल जळतं आहे, टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग गेली असेल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट कमी होतं आहे का बघा. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दर महिन्याला काढा.

बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो धड असेल तर आकडा शून्याच्या आसपासच येतो. त्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी गाडी हायवेवर न्या आणि रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर गेल्यावर काजळी जळते, आणि ते चार किलोमीटरच्या फेरीत होत नाही. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचंच घाला. साधं तेल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये कायमची बसते. डीपीएफ कापून पोकळ करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. गाडी नापास होते ते वेगळंच, पण ती काजळी मागच्या रिक्षातल्या आणि स्कूटरवरच्या माणसांच्या फुप्फुसात जाते.

परीक्षेच्या दिवशी

किमान वीस मिनिटं गाडी चालवून केंद्रावर पोचा. घराशेजारचं केंद्र असेल तर आधी लांब फेरी मारून या. रांगेत इंजिन बंद करू नका, कारण कन्व्हर्टर पाच-दहा मिनिटांत थंड पडायला लागतो. रांग मोठी असेल तर सरळ दुसऱ्या वेळी या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ती सोय बटण दाबून बंद करा. एसी, दिवे, काचेचा हीटर सगळं बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.

नंबर प्लेट पुसून घ्या. तिचा फोटो प्रमाणपत्रावर येतो. 'वाहन'वर तुमचा चालू मोबाइल नंबर नोंदलेला आहे याची आदल्या दिवशीच खात्री करा. सिम बदललेले किती तरी लोक केंद्रावर इथेच अडकतात.

मग गाडीत बसून राहू नका, उतरून यंत्राजवळ उभे राहा. नळी सायलेन्सरमध्ये साधारण फूटभर आत गेली पाहिजे. बीएस-४ किंवा बीएस-६ असेल तर आयडलिंग आणि २५०० आरपीएम अशा दोन्ही वेळा मोजलं पाहिजे. मोजण्याआधी अर्धा-पाऊण मिनिट इंजिन अडीच हजारांवर धरायची विनंती करा. त्याने कन्व्हर्टर पुन्हा तापतो. यात फसवणूक काही नाही, रस्त्यावर तो तसाच तापलेला असतो.

पडद्यावर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचेही आकडे दिसतात. धड पेट्रोल गाडीत कार्बन डायऑक्साइड चौदा-पंधरा टक्क्यांच्या जवळ आणि ऑक्सिजन अगदी थोडा असतो. कार्बन डायऑक्साइड आठ-नऊ आणि ऑक्सिजन भरपूर दिसला तर नळी बाहेरची हवा ओढते आहे. सीओ कितीही सुंदर दिसला तरी ती मोजणी खरी नाही. पुन्हा मोजायला सांगा.

प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक, इंधन, मानक, मुदत आणि मोजलेले आकडे तिथेच वाचून घ्या. नंतर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून ते खरोखर चढलं आहे का पाहा.

नापास झाली तर

पावती टाकून देऊ नका, मेकॅनिकला आधी तीच दाखवा. सीओ जास्त आणि एचसी ठीक: इंधन जास्त जातं आहे, म्हणून ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट, गळका इंजेक्टर, तेलातलं पेट्रोल. एचसी जास्त आणि सीओ कमी: ठिणगी चुकते आहे किंवा कुठून तरी जादा हवा येते आहे, म्हणून प्लग, कॉइल, व्हॅक्यूमचे पाइप, मग व्हॉल्व्ह. दोन्ही जास्त: आधी गाडी पुरती तापली होती का ते आठवा, मग कन्व्हर्टरचा संशय घ्या. आयडलिंगला नापास पण अडीच हजारांवर पास झाली, तर थ्रॉटल बॉडी आणि व्हॅक्यूम पाहा.

कन्व्हर्टर खरोखर गेला असेल तर तो का गेला हे सापडल्याशिवाय नवा बसवू नका. तेल जळणारं किंवा मिस मारणारं इंजिन नवा कन्व्हर्टरही काही महिन्यांत खाऊन टाकतं. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल म्हणाल तर इंजेक्टर साफ करणाऱ्या चांगल्या द्रावणाचा थोडा उपयोग होतो, तोही हजारभर किलोमीटर चालवल्यावर. आदल्या दिवशी ओतून काही होत नाही. थिनर किंवा ॲसिटोन टाकायचे सल्ले कानावर येतात. त्याने रबरी पाइप आणि पंप जातो, तसलं काही करू नका.

मी आता दर वर्षीचे आकडे सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर लिहितो. दुरुस्तीनंतरचा सीओ ०.०४, एचसी ३८. यंदा ०.०६ आणि ४५. दोन्ही मर्यादेच्या खूप आत आहेत, पण थोडे वर सरकले आहेत, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग काढून पाहायला सांगितले आहेत.